बुजवलेली कमान

"पश्चिमेकडची पडवी यंदा काढून टाकतोय," काका फोनवर म्हणाले. "या पावसात दोन वासे खचले. वाळवी पार वरपर्यंत गेलीय. दिवाळी झाली की गवंडी येतोय. माजघरातून पडवीत जायचं दार चिऱ्यांनी बुजवून घेतो, म्हणजे उरलेलं घर तरी नीट राहील." मी तेव्हा ऑफिसच्या जिन्यावर उभी होते, हातात कॉफीचा कप, पाच मिनिटांनी मीटिंग. "बरं केलंत काका," असं म्हणाले आणि फोन ठेवला. जिना चढता चढताच ते दोन शब्द मला टोचायला लागले. मी वर्षातून एकदा, तेही जमलं तर, चार दिवस कोकणातल्या त्या घरात राहणारी बाई. त्या पडवीत मी गोवराने फणफणून पडले होते, आजीने तिथेच माझ्या केसांतून तेलाची बोटं फिरवली होती, आणि त्या पडवीच्या जाण्याला मी दोन शब्दांत परवानगी देऊन टाकली. परवानगी तरी कसली, काकांनी ती मागितलीच नव्हती. ते फक्त सांगत होते. कदाचित मी काही वेगळं बोलेन म्हणून थोडे थांबलेही होते. फोनवरची ती दोन-तीन सेकंदांची शांतता मला नंतर आठवली.

त्यानंतरच्या शनिवारी आम्ही इथे इंग्लंडातल्या व्हॅरम पर्सीला गेलो. मुलीच्या शाळेत मध्ययुगीन खेड्यांवर काही शिकवत होते आणि तिला ते ओसाड गाव बघायचं होतं. लीड्सहून माल्टनमार्गे निघालं की हळूहळू यॉर्कशर वोल्ड्सच्या खडूच्या टेकड्या लागतात. नांगरलेल्या शेतातही खडूचे पांढरे तुकडे दिसतात, जणू कुणी पातेलंभर भात सांडलाय. गाडी वर ठेवून उतारावरून पाऊण मैल चालत जायचं. ऑक्टोबरचं ऊन होतं, पण वाऱ्याला धार होती. वाट भिजलेली, बुटांना पांढरा चिखल चिकटत होता, आणि सगळीकडे मेंढ्यांच्या लेंड्यांचा तो उबदार, किंचित आंबूस वास. खाली दरीत उतरलं की आधी दिसते गवताची उंचसखल जमीन, चादरीखाली काहीतरी झाकून ठेवल्यासारखी. ते उंचवटे म्हणजे घरांचे पाये. मधून खोलगट गेलेली पट्टी म्हणजे गावातला रस्ता, शतकानुशतकं माणसं आणि गुरं चालून खचलेला. घरं गेली, जोती राहिली. आणि या सगळ्याच्या टोकाला, तळ्याच्या थोडं वर, एकच उभी वास्तू: सेंट मार्टिनचं चर्च. छप्पर नाही, मनोरा अर्धा, बाकी भिंती जवळजवळ पूर्ण.

मला वाटलं होतं, पडकं चर्च म्हणजे कसं, आयव्हीच्या वेलांनी वेढलेलं, उदास, फोटोत छान दिसणारं. इथे तसं काहीच नव्हतं. गवत कापलेलं, भिंती साफ, आणि मनोरा वरपासून खालपर्यंत असा उभा फाटलेला की त्याची आतली बाजू, मजल्यांच्या खाचा, खिडकीच्या मागची जाड भिंत, सगळं उघडं पडलेलं. मुलगी म्हणाली, "आई, हे बाहुलीच्या घरासारखं उघडलंय." डोमकावळे फाटलेल्या कडेवर बसून एकसारखे बोलत होते. नवरा आणि मुलगी तळ्याकडे पळाले. मी दक्षिणेच्या भिंतीच्या कडेने सावकाश चालायला लागले आणि तिथेच थबकले.

भिंतीत कमानी होत्या. बुजवलेल्या.

आधी लक्षात येत नाही. नुसती जुनी भिंत वाटते, मधेमधे खिडक्या. मग डोळे स्थिरावले की दिसायला लागतं: पाचरीसारखे घडलेले दगड एकमेकांना टेकून वर जातात, माथ्याशी भेटतात, दुसऱ्या बाजूने खाली येतात आणि खांबावर विसावतात. खांबही भिंतीत अर्धे गाडलेले. कमानीच्या आतला भाग मात्र वेगळ्याच हाताचा. ओबडधोबड दगड, लहानमोठे, हाताला लागतील तसे रचलेले, सांध्यांत जाड चुना. मी तळहात टेकवला. घडीव दगड गार आणि गुळगुळीत, भरलेला भाग खरखरीत, उन्हाने जरासा कोमट. एकाच भिंतीवर चार बोटांच्या अंतरावर दोन वेगळी शतकं हाताला लागत होती. आणि मला काकांचा आवाज आला: चिऱ्यांनी बुजवून घेतो.

इथे थोडं चर्चच्या रचनेबद्दल बोलायला हवं, कारण ती आपल्या घरांच्या फार जवळची आहे आणि मला ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मध्ययुगातल्या साध्या खेडेगावच्या चर्चचे मुळात दोन भाग. पश्चिमेकडे लोक जमायचे ते लांबट दालन, ते नेव. पूर्वेकडे त्याला जोडून लहान, थोडं अरुंद दालन, तिथे वेदी आणि पाद्री, ते चान्सेल. आपल्याकडे मंडप आणि गाभारा असतो तसंच. गावात माणसं वाढली, नेव अपुरं पडायला लागलं, की नेवच्या लांब बाजूला एक जोड काढायचे. मुख्य छप्पर संपतं तिथून खाली उतरतं छप्पर टाकायचं, बाहेरून बुटकी भिंत घालायची, आणि जुनी भिंत फोडून तिच्यात कमानींची रांग काढायची, म्हणजे आतून दोन्ही एकच होतात. इंग्रजीत त्याला आइल म्हणतात. पण उतरत्या छपराचा, मूळ घराच्या कुशीला टेकून उभा राहिलेला असा जोड म्हटलं की माझ्या तोंडात एकच शब्द येतो. पडवी. व्हॅरम पर्सीच्या चर्चला दोन पडव्या होत्या, एक दक्षिणेला, एक उत्तरेला.

या चर्चची वाढ कशी झाली हे इतक्या बारकाईने माहीत आहे याचं कारण त्याच्या पोटात झालेलं खोदकाम. १९४८ साली लीड्स विद्यापीठातले आर्थिक इतिहासाचे अभ्यासक मॉरिस बेरेसफर्ड इथे आले. इंग्लंडमधली अशी तीनएक हजार खेडी मध्ययुगात किंवा त्यानंतर उठली, ती का उठली हा त्यांचा ध्यास. पुढे पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट त्यांना येऊन मिळाले आणि १९५० पासून १९९० पर्यंत, चाळीस वर्षं, दर उन्हाळ्यात इथे माणसं जमून माती उपसत राहिली. तरुणपणी आलेले काहीजण पुढे आपल्या मुलांना घेऊन आले असतील, असं मला त्या मोकळ्या कुरणात उभं राहून वाटत राहिलं. त्यांनी गावाबरोबर चर्चची जमीनही उकरली. तळाशी सापडल्या लाकडी खांबांच्या खळग्या: दहाव्या शतकातलं लाकडी चर्च, अगदी लहानसं. त्यावर दगडी चर्च, तेही लहान. मग त्याला पोटात घेऊन आणखी मोठं. बाराव्या-तेराव्या शतकात पडव्या आल्या. प्रत्येक नव्या बांधकामाने जुन्याला आपल्या आत ठेवलेलं. आणि मग उलटा प्रवास.

कमानी फोडणं हे काम किती अवघड असेल याचा मी तिथे उभी राहून विचार करत होते. अशी कामं करताना छप्पर उतरवत नसत. वरच्या भिंतीला लाकडी टेकू द्यायचे, खालून थोडी भिंत काढायची, तिथे खांब उभा करायचा, कमान बांधायची, ती पक्की झाली की टेकू काढून पुढे सरकायचं. डोक्यावर दगडाचं ओझं तोलून धरलेलं आणि खाली गवंडी हातभर हातभर जागा मोकळी करतोय. हा खर्च आणि हा धोका कशासाठी, तर रविवारी सगळ्यांना आत उभं राहता यावं म्हणून. चान्सेलची डागडुजी पाद्र्याच्या पदरची आणि नेवची गावकऱ्यांच्या, अशी वाटणी तेराव्या शतकापासून इंग्लंडात रूढ होती. म्हणजे पडवी वाढवली ती गावाने, आपल्या मेंढ्यांच्या आणि बार्लीच्या पैशांतून. आणि पुढे ती पाडून कमानी बुजवायची वेळ आली, तेव्हा तो निर्णयही त्यांच्याच गळ्यात पडला.

मला राहून राहून त्या निर्णयाचा दिवस डोळ्यांसमोर येतो. कुठेतरी कुणीतरी म्हटलं असेल, छप्पर गळतंय. दुसरा म्हणाला असेल, दुरुस्त करून उभं कोण राहणार तिथे? एखादी म्हातारी काहीच बोलली नसेल. आणि एखादा, जो आता दुसऱ्या गावात राहतो, म्हणाला असेल, बरं केलंत.

गाव उठलं कसं, याचं सोपं उत्तर म्हणजे प्लेग. शाळेत आपण तेच शिकतो आणि इथल्या लोकांच्याही मनात तेच असतं, १३४९ची महामारी आली आणि गावं संपली. बेरेसफर्ड आयुष्यभर सांगत राहिले की ते तितकं सरळ नाही. व्हॅरम पर्सीची माणसं प्लेगने मेली, पण गाव तगलं. त्यानंतरची दीडशे वर्षं ते हळूहळू विरळ होत गेलं. धान्यापेक्षा लोकरीला भाव आला, शेतापेक्षा कुरण परवडायला लागलं, आणि १५००च्या सुमाराला जमीनदाराने उरलीसुरली कुटुंबं काढली, घरं पाडली, मेंढ्या सोडल्या. आजही तिथे मेंढ्या चरतात. मला हे वाचून विचित्र ओळखीचं वाटलं. आमचं गाव कुठल्या साथीने रिकामं झालं नाही. एकेक मुलगा मुंबईला गेला, गिरणीत लागला, गोदीत लागला, मग त्याने बायकोला नेलं, मग मुलं तिथेच शाळेत गेली. कुणी कुणाला हाकललं नाही, त्यामुळे रागवायलाही कुणी नाही. मी स्वतः तर मुंबईच्याही पुढे येऊन बसलेय.

पण गाव उठल्यावरही चर्च उठलं नाही, आणि मला सगळ्यात जास्त हीच गोष्ट लागली. व्हॅरम पर्सीच्या पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चला जोडलेल्या परिसरात, आणखी वाड्या होत्या: थिक्सेनडेल, बर्डेल, रेस्थॉर्प, टोथॉर्प. पॅरिश एकच, चर्च एकच. त्यामुळे चर्चच्या भोवतालचं गाव गवताखाली गेल्यावरही या वाड्यांमधली माणसं टेकड्या ओलांडून त्या मोकळ्या दरीत येत राहिली. थिक्सेनडेलहून तीन मैलांची चाल. बाप्तिस्म्याला तान्ही बाळं घेऊन, लग्नाला नटून, आणि मेलेल्यांना खांद्यावर घेऊन. बर्फात, चिखलात. आजूबाजूला गाव उरलेलं नाही, आणि मध्ये घंटा वाजतेय. पंधराव्या शतकानंतर पुढची साडेतीनशेहून जास्त वर्षं हे असंच चाललं. माणसं कमी, म्हणून पडव्या काढल्या, कमानी बुजवल्या, पुढे सतराव्या शतकात चान्सेलही आखूड केलं. आटलेल्या अंगाला सदरा आत शिवून घ्यावा तसं चर्च त्या लोकांनी आपल्या संख्येच्या मापाचं करून घेतलं, आणि वापरत राहिले. आमच्या घराचंही तेच. एरवी काका-काकू दोघंच, दोन खोल्यांत. पण गणपतीत चाकरमानी उतरले की अंगणभर चपला, आणि पंगत अजूनही बसते. पूर्वी ती पश्चिमेच्या पडवीत बसायची, आता माजघरात मावते.

१८७० साली सर टॅटन साइक्स यांनी थिक्सेनडेलला स्वतंत्र चर्च बांधून दिलं, जी. ई. स्ट्रीट या वास्तुविशारदाकडून. तिथल्या म्हाताऱ्यांना किती हायसं वाटलं असेल! आणि व्हॅरमच्या चर्चवर तिथूनच उतरती कळा आली, ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. शेवटची प्रार्थना झाली १९४९ साली. त्यानंतर छपरावरचं शिसं चोरीला गेलं. दगडी इमारतीचं छप्पर गेलं की बाकीचं काम पाऊस करतो, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. १९५९ साली मनोऱ्याचा बराच भाग कोसळला. हजार वर्षांच्या वस्तीतलं शेवटचं पडणं इतकं अलीकडचं आहे. माझी आई तेव्हा शाळेत होती.

मी आत गेले. आत म्हणजे काय, दारातून गवतावर. वर आभाळ. एक पांढरा ढग मनोऱ्याच्या फटीतून या बाजूला सरकला. आतून कमानी जास्त स्पष्ट दिसतात आणि जास्त दुखवतात, कारण आतून त्यांचं कमानपण कळतं. त्यांच्यासमोर उभं राहिलं की पाय आपोआप पुढे पडायला बघतो, पलीकडे जागा आहे असं शरीराला वाटतं. मग भिंत लागते. आज हे दगड उघडे दिसतात, पण मध्ययुगात आतून गिलावा असायचा, त्यावर चुन्याची सफेदी आणि रंगीत चित्रं. मी डोळे मिटून ते रंग आणायचा प्रयत्न केला आणि डोळ्यांसमोर आली आमच्या पडवीची भिंत, खालचा हातभर भाग गेरूचा, वर निळसर चुना, आणि त्यावर खिळ्याला अडकवलेली आजोबांची छत्री.

चर्चच्या भोवतालच्या जमिनीतून आणि आतून मिळून जवळपास सातशे सांगाडे काढले गेले. मला हाडांबद्दल वाचायला आवडत नाही, पण यातली एक गोष्ट मनातून जात नाही. लहान मुलांच्या हाडांमधल्या रासायनिक खुणांवरून संशोधकांना कळलं की इथल्या आया आपल्या मुलांना साधारण दीड वर्षाचं होईपर्यंत अंगावर पाजत. इतिहासात या बायकांचं नाव नाही, त्यांच्या घराचं नुसतं जोतं आहे, पण त्यांनी कुशीत घेऊन पाजलेलं दूध आठशे वर्षांनी त्यांच्या लेकरांच्या हाडांत सापडलं. माझी मुलगी तेव्हा बाहेर तळ्याशी बापाला काहीतरी ओरडून सांगत होती. मी थोडा वेळ तशीच गवतावर बसले. गवत ओलं होतं.

उठताना परत त्या बुजवलेल्या कमानींकडे नजर गेली आणि एक गोष्ट आत्ता दिसली. भरलेल्या दगडांच्या मधोमध खिडक्या होत्या. साहजिकच आहे, पडवी गेल्यावर नेवला उजेड हवा. पण त्या काळी पाडकामातून निघालेला घडीव दगड फेकायची पद्धतच नव्हती. खिडकीच्या चौकटी सुट्या करायच्या आणि नव्या भिंतीत उचलून बसवायच्या, हे इंग्लंडभरच्या चर्चमध्ये दिसतं. घडीव दगडाला मजुरी पडलेली असते, तो कोण टाकेल! म्हणजे पडवी काढणाऱ्या माणसांनी कमानी नुसत्या बंद करून तोंड फिरवलं नव्हतं. दगड रचता रचता त्यांनी तिथे उजेडाला जागा ठेवली होती. ज्या बाजूने पूर्वी माणसं यायची, त्या बाजूने निदान ऊन आत येत राहिलं. आत्ताही येत होतं, दुपार कलली होती आणि दक्षिणेच्या खिडकीतून उन्हाचा एक लांबट तुकडा गवतावर पडला होता.

परतीच्या चढावर मुलगी दमली आणि नवऱ्याने तिला पाठुंगळी घेतलं. मी मागून चालत होते. वर गाडीशी पोचेपर्यंत भारतात रात्रीचे साडेनऊ वाजायला आले असणार, काका या वेळी झोपायला निघतात. तरी फोन लावला.

"काका, पडवीला ती गजांची खिडकी आहे ना, फणसाच्या लाकडाच्या चौकटीची. तिचं काय करणार?"

"त्याचं काय करायचं? पडेल मांगरात. नाहीतर जळणाला."

"चौकट वाळवीने खाल्लीय?"

"नाही हो, फणस आहे तो. त्याला काय होतंय."

"मग दार बुजवताना मधे ती बसवता येईल? खाली अर्ध्यापर्यंत चिरे, वर खिडकी. माजघरात संध्याकाळचं ऊन येईल."

काका गप्प झाले. मागच्या वेळसारखीच शांतता, पण या वेळी मी बोलले नाही, नुसती कानाला फोन लावून उभी राहिले. टेकडीवरचा वारा फोनमध्ये घुसत होता.

"पश्चिमेचा पाऊस सरळ आत येईल, बाय," ते म्हणाले.

"वर झाप बांधू. नाहीतर छोटी पाखी काढून घेऊ, मी पैसे पाठवते."

"पैशांचं नाही गं ते." मग पुन्हा थोडं थांबून, "दार केवढंय ते बघावं लागेल. थांब, फोन ठेवू नको."

फोन बहुतेक झोपाळ्यावर ठेवला, कारण कड्यांची कुरकुर ऐकू आली. काकू काहीतरी विचारत होत्या. काकांच्या चपला माजघरातून गेल्या. अडसर काढल्याचा तो ओळखीचा, लाकडावर लाकूड घासल्याचा आवाज आला, मग पडवीचं दार उघडलं, आणि लांबून काका काकूंना सांगत होते, "अगं ती बॅटरी धर इकडे. जरा वर. हां, तशीच धर."